बलून नंबर बदलला, फाइल टिकली पाहिजे: रनटाइमला तयार होणाऱ्या डेटा ऑब्जेक्टच्या एक्सएमएलचे एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीत शाफ्ट, बुश, फ्लँज असे टर्निंगचे भाग करणारा एक कारखाना. माल चाकणला जातो. प्रत्येक लॉटबरोबर पीडीआय, म्हणजे माल निघण्यापूर्वीच्या तपासणीचा, रिपोर्ट द्यावा लागतो. लॉटमधले पाच नग उचलायचे, ड्रॉइंगवरची सगळी मापे (प्रत्येकाशेजारी गोलात लिहिलेला आकडा म्हणजे त्याचा बलून नंबर) घ्यायची आणि तो तक्ता चलनासोबत पाठवायचा. आजवर हा तक्ता एक्सेलमध्ये जात होता. आता खरेदीदाराला तो एक्सएमएल फाइलमध्ये (प्रत्येक माहिती नावाच्या खुणेत, म्हणजे टॅगमध्ये, गुंडाळलेली मजकूर-फाइल) हवा आहे, म्हणजे त्याची यंत्रणा तो थेट वाचू शकेल. कारखाना आणि खरेदीदार या लेखापुरते नमुन्याचे आहेत. अडचणी मात्र डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रामिंग मंच) असे काम करणाऱ्या कोणालाही गाठतील अशाच आहेत.

खरी गाठ इथे आहे: प्रोग्राम लिहिणाऱ्याला मापांची नावे ठाऊक नसतात. शाफ्टला बाह्य व्यास, रनआउट (फिरताना होणारी डगमग), पायऱ्यांमधील अंतर. बुशला बोअर आणि भिंतीची जाडी. फ्लँजला पीसीडी (भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि भोकांची संख्या. नवे ड्रॉइंग आले की क्वालिटी विभागातले कोणी तरी स्क्रीनवर बसून ‘नवे माप जोडा’ दाबते आणि त्या क्षणी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच (रनटाइमला), ऑब्जेक्टला नवे फील्ड फुटते. मेमरीत हे सोपे असते. सी-शार्प या डॉटनेटच्या भाषेतला एक्सपांडो-ऑब्जेक्ट (हवे तेव्हा फील्ड जोडता येणारा ऑब्जेक्ट) किंवा साधी डिक्शनरी (नाव आणि मूल्याच्या जोड्या) घेतली की काम होते. तेच कागदावर, म्हणजे फाइलमध्ये, उतरवायला गेले की प्रश्न सुरू होतात.

वाचायला सोपे जावे म्हणून पुढच्या नमुन्यांत टॅग आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये आकडे इंग्रजीच लागतात. त्याचे कारण पुढे येईलच.

पहिला प्रयत्न: मापाचे नाव हाच टॅग

बहुतेकांना आधी हेच सुचते. फील्डचे नाव ‘बाह्यव्यास’, तर टॅगही ‘बाह्यव्यास’:

<नग>
  <बाह्यव्यास>२४.९९०</बाह्यव्यास>
  <रनआउट>०.०१२</रनआउट>
</नग>

दिसायला छान. पहिल्या दोन-तीन भागांपुरते चालतेही. मग कोणी ‘बाह्य व्यास’ असे मध्ये जागा सोडून लिहिते. टॅगमध्ये जागा चालत नाही. ‘२५ ±०.०२’ असे लिहिले तर अधिक-उणेचे चिन्ह चालत नाही. ‘लांबी (एकूण)’ मधला कंसही चालत नाही. डॉटनेटच्या एक्सएमएल-कन्व्हर्टमध्ये यावर एक तोडगा आहे. न चालणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी अंडरस्कोर, एक्स, त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक आणि पुन्हा अंडरस्कोर येतो. नाव उलट काढताही येते, पण समोरच्याची यंत्रणा जावात किंवा पायथनमध्ये असेल तर हा संकेत तिला मुळात ठाऊक नसतो. तिच्या पडद्यावर ते सांकेतिक नाव जसेच्या तसे उमटते.

मराठीत याहून सूक्ष्म अडचण आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. एक्सएमएल १.० ची शिफारस १९९८ ची. टॅगच्या नावात कोणती अक्षरे चालतील याची तिच्यातली यादी त्या काळच्या युनिकोडवर बेतलेली होती. ‘ॲ’ हे अक्षर, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यामुळे जुन्या यादीत ते नाही. २००८ च्याच नोव्हेंबरमध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने यादी सैल केली आणि ‘ॲ’ला जागा मिळाली. पण डॉटनेट आजही चौथ्या आवृत्तीचे नियम पाळते. पायथनच्या एलएक्सएमएलखाली असलेली लिबएक्सएमएल-२ पाचव्या आवृत्तीप्रमाणे चालते. म्हणून चॅम्फरच्या मापाला ‘ॲंगल’ नाव दिले तर पायथनवाला ती फाइल बिनतक्रार वाचतो आणि डॉटनेटवाला नावच अमान्य करतो. तेच ‘अँगल’ असे ‘अ’वर चंद्रबिंदू देऊन लिहिले की दोन्हीकडे चालते. कागदावर दोन्हींचा उच्चार एकच.

‘पायऱ्यांमधील अंतर’ हे त्याच जातीचे दुसरे उदाहरण. यातला ‘ऱ्य’ टाइप करायच्या निदान दोन पद्धती प्रचलित आहेत. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा झीरो-विड्थ-जॉइनर आणि ‘य’. छापल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. प्रोग्रामला मात्र ही दोन वेगळी नावे. तो जॉइनर जुन्या नियमांनुसार टॅगमध्ये चालतही नाही, आणि युनिकोडचे नॉर्मलायझेशन केले तरी हा फरक पुसला जात नाही. सकाळच्या पाळीतल्या बाईंनी एका कीबोर्डवर आणि रात्रपाळीतल्या दादांनी दुसऱ्या कीबोर्डवर तेच माप टाकले, तर फाइलमध्ये एकाच अंतराची दोन फील्डे तयार होतात.

हे सगळे बाजूला ठेवले तरी मूळ दोष उरतोच. टॅगच रोज बदलत असतील तर स्कीमा, म्हणजे फाइलच्या रचनेचे नियम, कशाची लिहिणार? खरेदीदाराला प्रत्येक भागासाठी वेगळा एक्सएसडी (स्कीमाची फाइल) द्यावा लागेल आणि नवे माप आले की तो पुन्हा बदलावा लागेल. ‘इथे काहीही येऊ शकते’ अशी वाइल्डकार्ड सूट स्कीमात देता येते, पण तशी सूट दिली की तपासणी नावापुरतीच राहते.

दुसरा प्रयत्न: सीरियलायझरच सांभाळून घेईल

एक्सएमएल-सीरियलायझर म्हणजे ऑब्जेक्टची एक्सएमएल फाइल करणारा डॉटनेटचा तयार भाग. त्याला डिक्शनरी दिली की तो सरळ नकार देतो. आय-डिक्शनरी इंटरफेस असलेले टाइप त्याला चालत नाहीत. एक्सपांडो-ऑब्जेक्टलाही नकारच मिळतो. वरचा एक्सेप्शन (चूक कळवणारा संदेश) बहुधा ‘टाइप परावर्तित करताना चूक झाली’ एवढेच मोघम सांगतो. खरे कारण इनर-एक्सेप्शनमध्ये असते, कधी कधी दोन-तीन थर खाली. लॉगमध्ये फक्त वरचा संदेश लिहिणाऱ्यांचे इथे तास जातात.

मग मूल्याचा टाइप नुसता ‘ऑब्जेक्ट’ ठेवायचा विचार येतो. मूल्य दशांश, तारीख, मजकूर अशा मूलभूत प्रकारचे असेल तर सीरियलायझर एक्सएसआय:टाइप हे प्रकार सांगणारे ॲट्रिब्यूट (टॅगच्या आत लिहिलेली जोडमाहिती) लिहून वेळ निभावतो. स्वतःचा क्लास आत आला की मात्र ‘हा टाइप अपेक्षित नव्हता, एक्सएमएल-इन्क्लूड वापरा’ अशी तक्रार येते. कारण सीरियलायझर तयार होतानाच सगळे टाइप ठाऊक हवेत, आणि आपला सगळा खटाटोप तर आधी ठाऊक नसलेल्या गोष्टींसाठी आहे.

यातून सुटायला काही जण सीरियलायझर बनवताना जादा टाइपांची यादी देतात, तीही प्रत्येक रिपोर्टला नव्याने. इथे सर्व्हरचा जीव जातो. सीरियलायझर प्रत्यक्ष काम करण्यासाठी मेमरीत एक असेंब्ली (चालवता येणाऱ्या कोडचा गठ्ठा) तयार करतो. फक्त टाइप, किंवा टाइप आणि नेमस्पेस (टॅगच्या नावांच्या गटाची खूण) देणाऱ्या दोन कन्स्ट्रक्टरांसाठी (ऑब्जेक्ट बनवण्याच्या पद्धती) ती असेंब्ली साठवून पुन्हा वापरली जाते. जादा टाइप, ओव्हरराइड किंवा वेगळे रूट-ॲट्रिब्यूट देणाऱ्या कन्स्ट्रक्टरांसाठी दर वेळी नवी असेंब्ली तयार होते आणि जुनी मेमरीतून जात नाही. दिवसाला शंभर रिपोर्ट काढणाऱ्या सेवेची मेमरी सोमवारपासून चढत जाते आणि आठवड्याच्या मध्यावर कोणी तरी ती सेवा रीस्टार्ट करते. हे ‘डॉटनेटचे दुखणे’ म्हणून सोडून दिले जाते. खरे तर तो सीरियलायझर स्टॅटिक ठेवून एकदाच बनवला असता तर हे झालेच नसते.

डेटा-कॉन्ट्रॅक्ट-सीरियलायझर डिक्शनरी घेतो. पण तो ‘की’ आणि ‘व्हॅल्यू’ अशा जोड्या, स्वतःचे नेमस्पेस आणि आपल्या क्लासचे फील्ड सांगितले नसेल तर वर्णानुक्रमे, अशी फाइल काढतो. दोन्ही टोकांना डॉटनेटच असेल तर ती ठीक. दुसऱ्याच्या यंत्रणेला देण्याचा करार म्हणून ती फाइल फार आतली वाटते.

रनटाइमला रिफ्लेक्शन-एमिटने खराखुरा टाइप बनवून तो सीरियलाइझ करायचा मार्गही आहे. वापरू नये. त्यातून पुन्हा पहिल्या प्रयत्नातली फाइलच हाती येते, तीही जास्त कष्टाने.

नाव हा डेटा आहे

निर्णय घ्यायला एका प्रश्नाने मदत होते: ‘बाह्य व्यास’ हे शब्द कोणी ठरवले? प्रोग्रामरने ठरवले असतील तर ते रचनेचा भाग आहेत, टॅगमध्ये शोभतात. वापरणाऱ्याने ठरवले असतील तर ते शब्द म्हणजे डेटा आहेत, आणि डेटाची जागा टॅगच्या आत, मूल्यात. भाग क्रमांक, लॉट, तारीख, तपासणाऱ्याचा टोकन नंबर या गोष्टी प्रत्येक रिपोर्टमध्ये असतात, त्या प्रोग्रामरच्या. मापे क्वालिटीची.

दुसरी गोष्ट, डायनॅमिक ऑब्जेक्टचे नुसते मूल्य पाठवून भागत नाही. ते माप कशाचे, कोणत्या एककात, कोणत्या मर्यादेत, ही व्याख्या त्याच फाइलमधून जायला हवी. क्लास लिहिताना जे कोडमध्ये असते ते इथे फाइलमध्ये यायला हवे, कारण दुसऱ्या टोकाला ते कोड नाही. यावर आधारलेली रचना अशी:

<पीडीआय आराखडा="२">
  <शीर्ष>
    <भाग>एसएच-४१२</भाग>
    <रिव्हिजन>बी</रिव्हिजन>
    <तारीख>२०२५-०३-०५</तारीख>
  </शीर्ष>
  <व्याख्या>
    <दशांशमाप ओळख="म१०७" बलून="८" एकक="मिमी" लीस्टकाउंट="०.००१" किमान="२४.९८७" कमाल="२५.०००">
      <नाव>बाह्य व्यास, बेअरिंगची बाजू</नाव>
    </दशांशमाप>
    <होयनाहीमाप ओळख="म११२" बलून="११">
      <नाव>थ्रेड, गो–नो-गो गेज</नाव>
    </होयनाहीमाप>
    <दशांशमाप ओळख="म११५" बलून="१४" एकक="मिमी" लीस्टकाउंट="०.००१" कमाल="०.०१५">
      <नाव>रनआउट</नाव>
    </दशांशमाप>
  </व्याख्या>
  <नग क्रमांक="१">
    <दशांश माप="म१०७">२४.९९०</दशांश>
    <होयनाही माप="म११२">ट्रू</होयनाही>
    <दशांश माप="म११५" कारण="घेतले नाही" एक्सएसआय:निल="ट्रू"/>
  </नग>
</पीडीआय>

यातला व्यास २५ मिमीचा, आयएसओच्या शाफ्टसाठीच्या एच६ टॉलरन्सचा. १८ ते ३० मिमीच्या टप्प्यात तो १३ मायक्रॉनचा असतो, म्हणजे वरची मर्यादा शून्य आणि खालची उणे ०.०१३.

टॅग इथे मापाचे नाव सांगत नाही, मूल्याचा प्रकार सांगतो. प्रकार चारच: दशांश, होयनाही, मजकूर, दिनांक. ही यादी बंद आहे. तिच्यात भर घालायची झाली तर प्रोग्रामरला बसावे लागते आणि आराखड्याचा क्रमांक वाढतो. मापे मात्र कितीही जोडा.

प्रकार एक्सएसआय:टाइपने सांगायचा पर्याय होता. तो दोन कारणांनी टाळला. एक, साध्या टाइपच्या एलिमेंटला स्वतःचे ॲट्रिब्यूट ठेवता येत नाही, आणि आपल्याला तर ‘माप’ हे ॲट्रिब्यूट हवेच. त्यासाठी स्कीमात मूळ टाइप आणि त्यातून काढलेले टाइप अशी उतरंड करावी लागते. दोन, त्या ॲट्रिब्यूटच्या मूल्यात नेमस्पेसचा प्रिफिक्स असतो. मधल्या एखाद्या साधनाने प्रिफिक्स बदलले आणि मूल्यातला तसाच ठेवला, तर फाइल दिसायला धड आणि अर्थाने मोडकी. ‘प्रकार’ असे साधे ॲट्रिब्यूट ठेवले तर त्याच्यावरून मजकुराचा टाइप ठरवणे एक्सएसडी १.० ला जमत नाही. २०१२ च्या १.१ मध्ये ती सोय आहे, पण डॉटनेटला १.१ कळत नाही. टॅगनेच प्रकार सांगितला की २००१ च्या एक्सएसडीतही पुरी तपासणी होते.

ओळख आणि बलून नंबर वेगळे का

हा मुद्दा सॉफ्टवेअरवाल्यांना सुचत नाही आणि क्वालिटीवाल्यांना सांगावासा वाटत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो उघड आहे. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी गोलात आकडा लिहितात, तो बलून नंबर. शॉपवर बोलताना ‘सात नंबर गेला’ असेच म्हणतात, त्यामुळे तोच ओळख म्हणून वापरायचा मोह होतो. पण ड्रॉइंगची रिव्हिजन ए वरून बी झाली, मध्ये एक खोबण वाढली, की बलूनिंग नव्याने होते. काल सातवर असलेला बाह्य व्यास आज आठवर जातो. बलून हीच ओळख असेल तर खरेदीदाराच्या आलेखात रिव्हिजन ए पर्यंत व्यास आणि बी पासून त्याच रेषेत खोबणीची रुंदी उमटते. फाइल वैध, स्कीमा खूश, आलेख चुकीचा. अशा चुका सगळ्यात महाग पडतात, कारण कुठेच एरर येत नाही.

म्हणून माप पहिल्यांदा जोडले तेव्हाच त्याला ‘म१०७’ असा कायमचा क्रमांक मिळतो. पुढे नाव सुधारले, बलून हलला, मर्यादा बदलल्या, तरी तो बदलत नाही. माप रद्द झाले तर क्रमांकही निवृत्त होतो, दुसऱ्याला देत नाहीत. ‘पायऱ्यांमधील अंतर’ची दोन रूपेही यामुळे निरुपद्रवी होतात. नाव फक्त माणसाने वाचायचे, जोडणी ओळखीने.

स्कीमात या ओळखीसाठी एक्सएस:आयडी हा टाइप घेऊ नये. तो आकड्याने सुरू होऊ शकत नाही आणि पूर्ण दस्तऐवजात एकमेव असावा लागतो. त्याऐवजी की (एकमेव ओळख) आणि की-रेफ (तिच्याकडे बोट दाखवणारा संदर्भ) वापरावेत. व्याख्येतल्या दशांशमापांची एक की, आणि नगांमधल्या दशांशांनी तिच्याकडेच बोट दाखवायचे. प्रत्येक प्रकाराची अशी जोडी केली की थ्रेड गेजच्या मापाला चुकून दशांश मूल्य आले तर स्कीमाच अडवते. नगाच्या पातळीवर एक युनीक लावावा, म्हणजे एकाच नगात एक माप दोनदा येणार नाही.

किमान-कमाल मात्र स्कीमाने तपासू नये. एक्सएसडी १.० ला ते जमतही नाही, कारण मर्यादा हाच इथे डेटा आहे. पण जमले असते तरी ते चूकच ठरले असते. २५.००४ भरलेला नग रिजेक्ट असेल, पण त्याची नोंद वैध आहे. नापास नगाची फाइल स्कीमाने परत पाठवली तर शॉपवरचा माणूस आकडा ‘सुधारून’ पुन्हा पाठवेल. तपासणीच्या कामात याच्याइतके वाईट दुसरे काही नाही.

मूल्य दारातच नीट करून घ्या

डिक्शनरीत मूल्य ‘ऑब्जेक्ट’ म्हणून बसते. डिजिटल मायक्रोमीटरकडून आलेले, हाताने टाइप केलेले आणि एक्सेलमधून चिकटवलेले माप, तिघांचे टाइप वेगळे असतात. लिहिताना मूल्याला त्याचा टाइप विचारला तर एकाच मापाच्या पाच नगांना तीन टाइप मिळतील. टाइप व्याख्येला विचारायचा, आणि रूपांतर मूल्य आत येतानाच करायचे. फाइल लिहिण्याच्या क्षणी ते करायला गेले की चूक कोणत्या नोंदीत, कोणत्या पाळीत झाली हे सापडत नाही.

देवनागरी आकड्यांचा प्रश्न इथे येतो. मराठी कीबोर्ड चालू असताना कोणी ‘२४.९९०’ असे मराठी आकड्यांत टाकले, तर डॉटनेटचे रेग्युलर एक्स्प्रेशनमधले ‘अंक’ हे चिन्ह ते मान्य करते, कारण युनिकोडच्या लेखी तेही अंकच आहेत. पुढच्याच ओळीतला दशांशाचा पार्स मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखतो आणि एक्सेप्शन देतो. एक्सएसडीचा डेसिमलही इंग्रजी आकडेच घेतो. उपाय सोपा. आत येतानाच प्रत्येक अंकाचे युनिकोड मूल्य काढून इंग्रजी आकडा ठेवावा. ‘मराठी आकडे टाकू नका’ अशी सूचना भिंतीवर लावून काही होत नाही, आणि लावूही नये.

दशांशासाठी डबल नव्हे, डेसिमल टाइप. डबलमधून २४.९९० लिहिले की शेवटचे शून्य जाते आणि वाचणाऱ्याला वाटते मायक्रॉनपर्यंत मोजलेच नाही. डेसिमल ते शून्य जपतो. पण समोरचा डबलमध्ये वाचणार नाही याची हमी कोण देणार? म्हणूनच लीस्ट काउंट (उपकरण मोजू शकते ते सर्वांत लहान माप) व्याख्येत वेगळा लिहिला आहे. शेवटच्या शून्यावर अर्थ टांगून ठेवू नये.

तारीख आणि होय-नाही लिहिताना साधे टू-स्ट्रिंग वापरू नये. तारखेसाठी ते यंत्राच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे चालते. भारतीय सेटिंगवर ०५-०३-२०२५ आणि अमेरिकी सर्व्हरवर ३/५/२०२५, एकच दिवस. बूलियनचे पहिले अक्षर ते कॅपिटल लिहिते आणि एक्सएसडीला ते चालत नाही. एक्सएमएल-कन्व्हर्टमधले टू-स्ट्रिंग, तारखेला फॉरमॅट सांगितला की, दोन्ही बरोबर लिहिते.

सीरियल पोर्टने जोडलेली काही गेज मूल्याच्या आधी एसटीएक्स आणि नंतर ईटीएक्स ही नियंत्रण चिन्हे पाठवतात, क्रमांक २ आणि ३. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खाली फक्त टॅब, लाइन-फीड आणि कॅरेज-रिटर्न चालतात. बाकीची एस्केप करूनही चालत नाहीत. एक्सएमएल-रायटर नेहमीच्या सेटिंगवर लिहितानाच अडवतो. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये सीरियलायझरला नुसता टेक्स्ट-रायटर दिला तर चिन्ह संदर्भ म्हणून निमूट लिहिले जाते आणि फाइल चाकणला जाऊन फुटते. ही चिन्हे पोर्ट वाचणाऱ्या कोडमध्येच छाटावीत.

मोकळी जागा तीन प्रकारची असते: माप घेतले नाही, माप या नगाला लागू नाही, आणि माप व्याख्येतच नाही. पहिल्या दोन्हींना निल (‘मूल्य नाही’ अशी खूण) आणि कारण. तिसऱ्याला ओळच नाही. रिकामा दशांश टॅग लिहिला तर तो अवैध ठरतो, कारण रिकामी जागा हा आकडा नाही.

लिहिणे आणि वाचणे

मापांची यादी सांभाळणाऱ्या क्लासवर आय-एक्सएमएल-सीरियलायझेबल घेतला. त्यात तीन मेथड. गेट-स्कीमा नल परत करते, राइट-एक्सएमएल व्याख्येच्या क्रमाने मूल्ये लिहिते, रीड-एक्सएमएल ती वाचते. बाहेरचा क्लास ठरलेल्या रचनेचाच असल्याने सीरियलायझर एकच, आणि मेमरीचा प्रश्न आपोआप मिटतो.

फाइल स्ट्रिंग-रायटरमध्ये लिहून मग डिस्कवर टाकू नये. स्ट्रिंग-रायटर स्वतःला यूटीएफ-१६ (अक्षरे बाइटांत लिहिण्याची एक पद्धत) म्हणवतो, पहिल्या ओळीत तसे लिहितो, आणि डिस्कवर फाइल जाते यूटीएफ-८ मध्ये. कडक पार्सर पहिल्याच ओळीवर थांबतो. थेट स्ट्रीमवर लिहावे, एन्कोडिंग सेटिंगमध्ये द्यावे.

वाचण्यातली एक चूक जवळून पाहण्यासारखी आहे. चाचणीत सगळे ठीक, आणि पहिल्या खऱ्या फाइलनंतर चाकणहून फोन: “सर, व्याख्येत बारा मापं आहेत, नगात सहाच येतायत. बाकीची कुठं गेली?” बरोबर निम्मी, एक सोडून एक.

वाचणारे लूप असे होते: ‘जोपर्यंत रीड होते आहे, तोपर्यंत दशांश टॅग दिसला की रीड-एलिमेंट-कंटेंटने मूल्य घे.’ ती मेथड मूल्य घेऊन बंद टॅगच्या पुढच्या नोडवर जाऊन उभी राहते. फाइल इंडेंट केलेली असेल तर तो पुढचा नोड म्हणजे नवी ओळ आणि मोकळी जागा. लूपचा रीड ती जागा खातो आणि पुढच्या टॅगवर येतो. सगळे जुळते. प्रत्यक्ष फाइल जागा वाचवायला एका ओळीत लिहिलेली होती. तिथे पुढचा नोड म्हणजे थेट पुढचा दशांश टॅग, आणि लूपच्या रीडने तोच खाल्ला. चाचणीच्या फाइली माणसाला वाचता याव्यात म्हणून इंडेंट केलेल्या होत्या, म्हणून चूक झाकली गेली. दुरुस्ती अशी: मूल्य वाचले असेल तर त्या फेरीत रीड करायचे नाही. टॅग आपला नसेल तेव्हाच रीड किंवा स्किप.

रीड-एक्सएमएलमध्ये आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. स्वतःचा बंद टॅग आपणच खायचा असतो. तो राहिला तर बाहेरचा सीरियलायझर पुढची फील्डे चुकीच्या पातळीवर शोधतो आणि न सापडलेली गुपचूप सोडून देतो. आणि एलिमेंट रिकामे आहे का, हे सुरुवातीचा टॅग वाचण्याआधी पाहायचे. नंतर विचारले तर उत्तर पुढच्या एलिमेंटबद्दल मिळते.

शेरा हा मजकूर ॲट्रिब्यूटमध्ये ठेवू नये. ॲट्रिब्यूटमधली नवी ओळ वाचताना साधी जागा होऊन जाते, आणि तपासणाऱ्याने तीन ओळींत लिहिलेली कारणे एकात एक मिसळतात.

आकार, चाचण्या आणि पुढचा बदल

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बाह्यव्यास’ची दहा चिन्हे म्हणजे ३० बाइट, उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या टॅगमधली नावे मिळून ६०. बारा मापे आणि पाच नगांच्या ६० मूल्यांना नुसत्या टॅगच्या नावांचे साडेतीन हजारांच्या आसपास बाइट. कॉम्प्रेस केले की हे जवळजवळ नाहीसे होते, त्यामुळे आकारासाठी मराठी टॅग टाळायची गरज नाही. खरेदीदाराचा संघ इंग्रजी टॅग मागत असेल तर ते वेगळे कारण आणि रास्त कारण.

चाचणीच्या फाइली ठरवून ठेवाव्यात आणि प्रत्येक बदलानंतर लिहून-वाचून पाहाव्यात: इंडेंट केलेली आणि एका ओळीतली, एकही माप नसलेली, सगळी मापे निल असलेली, नावात ‘ॲ’, ‘ऱ्य’ची दोन्ही रूपे, ± आणि ‘<’ असलेली, मूल्य मराठी आकड्यांत आलेली, त्याच भागाच्या रिव्हिजन ए आणि बीची जोडी. शेवटच्या जोडीत पाहायचे एवढेच की बलून बदलूनही म१०७ दोन्हीकडे बाह्य व्यासच आहे. या फाइली अमेरिकी सेटिंगच्या यंत्रावरही एकदा चालवाव्यात.

आराखडा १ च्या, म्हणजे नावाचा टॅग असलेल्या जुन्या फाइलींसाठी वाचणाऱ्यात दुहेरी तर्क ठेवला नाही. एक वेगळा रूपांतरक लिहिला. तो जुन्या नावांचा आणि ओळखींचा तक्ता घेतो, आणि तो तक्ता क्वालिटीतल्या माणसाने एकदा बसून हाताने भरला. ‘बाह्यव्यास’, ‘बाह्य_व्यास’ आणि ‘ओडी’ ही तिन्ही म१०७ आहेत की त्यातले एक दुसऱ्या बाजूचे आहे, हे ड्रॉइंग समोर ठेवल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

सध्याच्या चार प्रकारांत न बसणारी मागणी आता समोर आहे: सीएमएम, म्हणजे सहनिर्देशांक मोजणाऱ्या यंत्रावरून, येणारे बिंदू, एका मापाला तीन-तीन सहनिर्देशांक असलेल्या पन्नास ओळी. त्या मजकुरात स्वल्पविराम देऊन कोंबता येतील, पण मग त्यांची तपासणी कोणीच करणार नाही. त्यासाठी ‘बिंदुसंच’ हा पाचवा प्रकार, त्याची की आणि की-रेफची जोडी, आणि आराखडा ३. खरेदीदाराचा वाचणारा आराखडा ३ घेऊ लागला आहे हे नमुन्याच्या फाइलने पडताळल्यावरच भोसरीतून तशी पहिली फाइल सुटेल. तोवर सीएमएमचे बिंदू एक्सेलमध्येच जातील.